चौदा सेंटिमीटरची नळी

सकाळी ६:२०
मिरजेच्या एसटी स्टँडबाहेर पुण्याची ट्रॅव्हल्स थांबते. क्लीनर डिकी उघडतो आणि बॅगांच्या मागून एक चपटं खोकं काढतो. ताई स्कूटरवरून न उतरताच हात पुढे करते. पार्सलचे दीडशे रुपये. ती पावती मागते. क्लीनर आधी टाळाटाळ करतो, मग गाडीच्या पत्र्यावर कागद टेकवून लिहून देतो.

खोक्याचं वजन पाव किलोही नसेल. आत तारेचा एक फास आहे. छापील किंमत पाच आकडी. अजून उजाडलेलं नाही. दिव्याच्या खांबाखाली ताई चार गोष्टी बघते: सील, मुदत, लॉट नंबर आणि माप. पंचवीस मिलिमीटर. बरोबर आहे. हॉस्पिटलच्या कपाटात दहाचा पडून आहे, पण आजच्या कामाला तो लहान. हे सामान क्वचित लागतं, त्यामुळे सगळी मापं कुणी भरून ठेवत नाही. गरज पडली की डिस्ट्रिब्युटरला फोन करायचा आणि रात्रीच्या गाडीवर भरवसा ठेवायचा.

सकाळी ७:००
कॅथलॅब पहिल्या मजल्यावर, आयसीयूच्या शेजारी. ताई इथली तंत्रज्ञ. वय तेहतीस. माहेर तासगाव, सासर सांगली. बी.एस्सी. झाल्यावर कॅथलॅबचा डिप्लोमा केला. पगार सव्वीस हजार, अकरा महिन्यांचा करार. रात्री इमर्जन्सीला बोलावलं तर प्रत्येक वेळचे चारशे रुपये वेगळे.

आधी यूपीएस बघायचा. मग मशीन चालू. पडदे उजळायला वेळ लागतो. तोवर ती डिफिब्रिलेटर तपासते, ऑक्सिजनचा काटा बघते, औषधांच्या ट्रॉलीतले कप्पे उघडते. ॲड्रिनलिन, ॲट्रोपिन, अमिओडॅरोन. प्रत्येक अँप्यूल हातात घेऊन तारीख वाचते. यादीवर खूण करायची ती वाचल्यानंतरच.

मामा लादी पुसून बाहेर पडतात. हे वॉर्डबॉय. पगार साडेचौदा हजार, तोही ठेकेदाराकडून, महिन्याच्या बारा-तेरा तारखेला.

सकाळी ७:४०
भिंतीवर शिशाचे एप्रन टांगलेत. घडी घालायची नाही, हा इथला पहिला नियम. घडीवर आतला थर तडकतो आणि तडा डोळ्याला दिसत नाही. वर्षातून एकदा सगळे एप्रन एक्स-रेखाली धरून तपासतात.

ताईचा एप्रन दोन भागांचा आहे, जॅकेट आणि घागरा. मिळून सहा किलोच्या आसपास. गळ्याला थायरॉइडचा पट्टा. एप्रनच्या आत, छातीवर, अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज. दर तीन महिन्यांनी तो मोजणीला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे: पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. तिचे आजवरचे सगळे आकडे तिनं एका वहीत उतरवून ठेवलेत. करार संपला, हॉस्पिटल बदललं, तरी वही तिच्याजवळ राहते.

इथलं काम बघायला आलोय, म्हणून मलाही एक एप्रन मिळतो. पहिल्या दहा मिनिटांत काही वाटत नाही. तासाभरानं खांदे बोलायला लागतात.

सकाळी ८:३०
दोन अँजिओग्राफी. दोन्ही मनगटातून. पहिला पेशंट कुरुंदवाडचा, दुसरा अथणीचा. पहिल्याला औषधांवर ठेवायचं ठरतं, दुसऱ्याला बायपाससाठी सर्जनकडे. ताई काचेपलीकडच्या खोलीतून आत, आतून बाहेर अशी सारखी फिरते. डायची बाटली लावते, प्रेशरची लाइन शून्यावर आणते, फिल्म साठवते. मध्ये चहा येतो. कप तसाच राहतो, वर साय धरते.

सकाळी १०:३०
आज ज्यांच्यासाठी पार्सल आलं त्या अक्का बाहेरच्या बाकावर बसल्यात. वय सत्तेचाळीस. गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. काल एसटीनं आल्या. त्यांना अर्धं तिकीट, नवऱ्याला पूर्ण. नवरा बेदाण्याच्या शेडवर कामाला जातो, पाचशे रुपये रोज. सध्या हंगाम आहे. शेड सोडून आला म्हणजे रोज बुडाला.

गेल्या वर्षी अक्कांना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी. हाताच्या शिरा केमोनं लवकर खराब होतात, म्हणून उजव्या हासळीच्या हाडाखाली केमोपोर्ट बसवला. कातडीखाली एक छोटी डबी आणि तिला जोडलेली मऊ नळी. नळी शिरेतून जाते आणि हृदयाच्या तोंडाशी थांबते. सुई डबीत टोचायची, औषध थेट मोठ्या प्रवाहात जातं.

केमो संपली. पोर्ट तसाच ठेवला होता. तो तुंबू नये म्हणून अधूनमधून औषधी पाणी सोडून धुवावा लागतो. गेल्या आठवड्यात सिस्टरनं सुई टोचली, पाणी सोडलं, तर हाडाखाली आग झाली आणि सूज आली. सिस्टर तिथंच थांबली. तिनं एक्स-रे काढायला पाठवलं.

एक्स-रेत डबी जागेवर होती. नळीचा मोठा तुकडा मात्र हृदयात जाऊन पडला होता.

असं का होतं, ते कॅथलॅबचे डॉक्टर, म्हणजे सर, कागदावर रेघा ओढून नवऱ्याला दाखवतात. हासळीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यात जागा अगदी कमी. नळी त्या फटीतून गेली की हात वर-खाली करताना दर वेळी दाबली जाते. महिनोन्‌महिने दाबली जाते. एक दिवस तुटते. रक्ताचा प्रवाह हृदयाकडे जातो, तुकडाही त्याच वाटेनं जातो.

"तिला काय होईना झालंय," नवरा म्हणतो. "शेतात गेली, भाकरी केली. मग काढायलाच पायजे का?"

"हो," सर म्हणतात. "आज त्रास नाही. उद्या त्यावर गाठ धरली, जंतू बसले, हृदयाच्या ठोक्यात अडथळा आला तर उशीर होईल. मांडीच्या शिरेतून जाऊन ओढून काढायचं. छाती उघडायची नाही. क्वचित तसं निघत नाही. मग आपण परत बसून बोलायचं."

नवरा कागदाकडे बघत राहतो. मग म्हणतो, "म्हंजे हिरीत बादली पडली की गळ टाकतो तसं."

"तसंच. फक्त हिरीचं पाणी धावतंय."

तो सही करतो. अक्का अंगठा उठवत नाहीत. पेन मागून घेतात आणि पूर्ण नाव लिहितात.

सकाळी ११:१५
अक्का टेबलावर. खोलीत गारठा आहे, मशीनला तो लागतो. मामा त्यांच्या पायांवर दुसरं ब्लँकेट टाकतात. भूल देणार नाहीत, फक्त मांडीची जागा बधिर करायची. अक्कांचं मराठी चांगलं आहे, पण घाबरल्यावर कन्नड येतं. ताईला पेशंटांकडून ऐकून कामापुरतं येतं.

"नोवु ऐतेन?" ती विचारते. दुखतंय का?

"इल्ला."

सिस्टर ट्रॉली मांडते. निळं कापड, हेपारिन घातलेलं सलाईनचं भांडं, सिरिंजा, सुई, वायर. दहा फ्रेंचचं शीथ, म्हणजे ज्यातून सामान शिरेत जातं ती नळी, फोडलंय. बारा फ्रेंचचं सीलबंद, हाताशी. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. दहा आणि बारा यांत एका मिलिमीटरपेक्षाही कमी फरक. पण तेवढ्यानंही शिरेचं भोक मोठं होतं, आणि बिलात एक ओळ वाढते.

सकाळी ११:३२
सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन काळे गोल. एक धडधडतो, ती धमनी. दुसरा दाबला की चपटा होतो, ती शीर. सर शिरेत सुई घालतात. सुईतून वायर, सुई बाहेर, वायरवरून शीथ आत. ही रीत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये मांडली. जगभरातल्या कॅथलॅबमध्ये रोजचं काम अजून याच क्रमानं सुरू होतं.

वायरचं मागचं टोक सर क्षणभरही सोडत नाहीत. सुटलेली वायरही आत जाऊ शकते. अशा वायरी काढायचं कामही इथंच येतं.

सकाळी ११:४०
फ्लोरो, म्हणजे हलतं चित्र दाखवणारा एक्स-रे, चालू. ताईनं किरणांचे ठोके सेकंदाला साडेसातवर आणलेत. चित्र थोडं अडखळतं, पण चालतं. अक्कांनाही किरण कमी, आतल्या सगळ्यांनाही कमी.

पडद्यावर तुकडा स्पष्ट दिसतो. एक टोक डाव्या फुफ्फुसाच्या धमनीत शिरलंय. दुसरं उजव्या कप्प्यात, भिंतीला टेकलेलं. हृदय आकसलं की मधला भाग वाकतो, सैल झालं की सरळ होतो. अक्का छताकडे बघत पडल्यात. पडदा त्यांच्या बाजूला वळवलेला नाही.

अडचण एकच. फास टाकायला मोकळं टोक लागतं. इथं दोन्ही टोकं अडकलेली. दोरीच्या मध्यावर फास बसत नाही.

सकाळी ११:४८
सर फास बाजूला ठेवतात. पिगटेल मागतात. पुढचं टोक गोल वळलेली ही नळी एरवी डाय सोडायला वापरतात. मांडीतून, पोटातल्या मोठ्या शिरेतून ती वर जाते. उजव्या कप्प्यात येते.

ईसीजीवर दोन ठोके आडवेतिडवे पडतात.

"व्हीपीसी," ताई म्हणते.

सर हात थांबवतात. किंचित मागे घेतात. रेघ सरळ होते. पुन्हा पुढे.

आता पिगटेलचा वळलेला भाग तुकड्याच्या मध्याला लावायचा, नळी पिळायची आणि खाली आणायचं. पहिल्यांदा निसटतं. दुसऱ्यांदाही. सर बोलत नाहीत. ताई न सांगता कॅमेरा थोडा डावीकडे झुकवते. तिरप्या चित्रात दोन्ही नळ्या वेगळ्या दिसतात, एकीवर एक येत नाहीत. हे कोण शिकवतं? पुस्तकात कोन लिहिलेले असतात. कधी झुकवायचं, ते टेबलाशेजारी उभं राहूनच कळतं.

तिसऱ्यांदा पकड बसते. सर मनगट फिरवतात. तुकडा वाकतो, ताणला जातो. फुफ्फुसातलं टोक हळूच सुटतं. पाठोपाठ खालचं टोक कप्प्याबाहेर येतं आणि पोटातल्या मोठ्या शिरेत उतरतं. मोकळं.

"राहू दे," सर म्हणतात. "हेच पाहिजे होतं."

दुपारी १२:०४
आता पार्सल फोडायचं. सिस्टर पाकीट सोलते, आतलं सामान सरांच्या हातात देते. मी जवळून बघतो. लांब तार. तिच्या टोकाला सोनेरी चमक असलेला गोल, तारेशी काटकोनात. तार निटिनॉलची, म्हणजे निकेल आणि टायटॅनियम. सर गोल पातळ नळीत ओढून घेतात, तो नाहीसा होतो. तार पुढे ढकलतात, गोल पुन्हा जसाच्या तसा उघडतो. तीनदा करून बघतात. सिस्टर आत-बाहेर सलाईन सोडून हवा काढते.

फास शीथमधून वर जातो. तुकड्याच्या टोकाखाली उघडतो. पडद्यावर तो आधी रेघ दिसतो. सर पिळतात, रेघेचा गोल होतो. गोल वर सरकतो. टोक गोलातून आत येतं का बाजूनं जातं, ते एका चित्रात कळत नाही. ताई दुसऱ्या कोनातून दाखवते. आत आहे.

इथं घाईचा हात तार ओढतो, आणि फास टोकावरून निसटतो. सर तार जागेवर धरतात आणि बाहेरची पातळ नळी पुढे सरकवतात. फास आपोआप आवळतो. टोकापासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरवर. टोकालाच पकडलं म्हणून तुकडा दुमडणार नाही. दुमडला नाही म्हणजे दहाच्या शीथमधून निघेल.

सिस्टर बारा फ्रेंचचं पाकीट ट्रॉलीवरून उचलून मागे ठेवते. सीलबंदच.

दुपारी १२:१६
सगळं एकत्र खाली येतं. फास, त्यात धरलेलं टोक, मागे तुकडा. शीथच्या तोंडाशी क्षणभर अडतं. सर दाब सोडत नाहीत, जोरही वाढवत नाहीत. मग सरकतं.

निळ्या कापडावर एक पांढुरकी नळी पडते. मधे रक्ताचा काळसर डाग. एक टोक सरळ कापलेलं. दुसरं चेपलेलं, कडेला दातेरी. हाड आणि बरगडी यांनी तिथं तिला चावलं.

"निघालं, अक्का," ताई म्हणते.

"सगळं?"

"मोजतो. मग सांगते."

दुपारी १२:२५
मोजणं हे या कामाचं शेवटचं पाऊल, आणि ते कुणी चुकवत नाही. पट्टीवर तुकडा चौदा सेंटिमीटर भरतो. तेवढ्यात सर्जन येतात. हासळीखाली जागा बधिर करून डबी काढतात. डबीला चिकटलेली नळी सात सेंटिमीटर. गेल्या वर्षीच्या ऑपरेशनच्या कागदावर लिहिलंय: नळी एकवीस सेंटिमीटरवर कापली.

चौदा आणि सात. ताई दोन्ही आकडे मोठ्यानं वाचते. सिस्टर मोठ्यानं परत म्हणते. मगच अक्कांना सांगतात, "सगळं."

चेपलेला भाग निर्जंतुक डबीत घालून कल्चरला जातो. त्यावर जंतू होते का, ते दोन-तीन दिवसांत कळेल.

दुपारी १२:४०
शीथ काढलं. आता शीर दाबून धरायची. मशीन नाही, हात. ताई तीन बोटं भोकाच्या किंचित वर ठेवते आणि सरळ कोपरानं वजन टाकते. पंधरा मिनिटं. एप्रन अजून अंगावर आहे. घड्याळ तिच्या मागे आहे, म्हणून मामा दर पाच मिनिटांनी वेळ सांगतात. मधे उचलून बघायचं नाही. उचललं की मोजणी पहिल्यापासून.

तेरा मिनिटं झाल्यावर तिची बोटं पांढरी पडतात. ती हात बदलत नाही.

दुपारी १:५०
डबा. ज्वारीची भाकरी, शेपू, शेंगदाण्याची चटणी. मामांच्या डब्यात आमटी-भात. सर पाच मिनिटं येतात, उभ्यानंच अर्धी भाकरी खातात.

शिरेत किंवा हृदयात काय काय सुटतं, त्याची यादी निघते. तुटलेल्या नळ्या. सेंट्रल लाइन टाकताना आत गेलेली वायर. फुग्यावरून घसरलेला स्टेंट. हृदयातलं भोक बुजवायला बसवलेलं आणि तिथून निघून गेलेलं डिव्हाइस. पूर्वी यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी छाती किंवा पोट उघडावं लागे. शस्त्रक्रियेशिवाय असा तुकडा काढल्याची पहिली नोंद १९६४ साली छापून आली, असं सर सांगतात. उजव्या कप्प्यापासून खालच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेला पोलादी वायरचा तुकडा होता. फास नव्हता तेव्हा. श्वासनळीत वापरायचा चिमटा शिरेतून घातला.

"ज्यानं पहिल्यांदा घातला त्याचा हात कसा स्थिर राहिला असेल," ताई म्हणते.

दुपारी ३:००
मामा कचरा वेगळा करतात. शीथ, पिगटेल, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत. रक्ताचे गॉज पिवळ्या. सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. फासही लाल पिशवीत जातो. रात्रभर प्रवास करून आलेली वस्तू. काम बारा मिनिटांचं.

संध्याकाळी ४:१०
फोन. छातीत दुखणारा पेशंट, जयसिंगपूरहून निघालाय. ताई पुन्हा एप्रन चढवते. पावणेपाचला पेशंट टेबलावर, सव्वापाचला बंद धमनी उघडी. एक स्टेंट. २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटची किंमत बांधून दिली तेव्हापासून या खोलीत बिलावरची भांडणं कमी झाली, असं मामा म्हणतात. ते तेव्हाही इथंच होते, दुसऱ्या ठेकेदाराकडे.

संध्याकाळी ६:००
अक्का वॉर्डात. पाय सरळ ठेवायची मुदत संपली. सिस्टर पट्टी उचलून बघते. कोरडी. अक्का उठून बसतात. चहात बिस्किट बुडवतात.

"परत बसवायला लागंल का त्यो डबा?" त्या विचारतात.

"पुढचं औषध काय ठरतं त्यावर आहे," ताई सांगते. "बसवलाच तर मानेतल्या शिरेतून बसवा म्हणायचं. तिथं हाडाखाली चेपत नाही. आणि धुताना आग झाली, सूज आली, तर सुई लगेच थांबवायला सांगायची. या वेळी सिस्टरनं थांबवली, म्हणून लवकर कळलं."

अक्का मान हलवतात. मग ताईच्या हाताकडे बघतात. "तू लई वेळ दाबून धरलंस."

संध्याकाळी ६:४०
रजिस्टर. तारीख, वेळ, फ्लोरो नऊ मिनिटं. शीथ दहा फ्रेंच, एक. वायर, एक. पिगटेल, एक. स्नेअर, म्हणजे फास, पंचवीस, एक. प्रत्येकाचं स्टिकर पानावर चिकटवायचं.

मग ती बिलाच्या खिडकीशी जाते. हे तिचं काम नाही. तरी जाते.

धर्मादाय हॉस्पिटल आहे. अक्कांचं रेशनकार्ड केशरी, दुर्बल घटकात नाव बसलं. खोलीच्या आणि तपासण्यांच्या बिलात सवलत मिळाली. पण वापरलेल्या सामानाची निम्मी रक्कम पेशंटनं भरायची असते. ताई यादीवर बोट फिरवते. सहाव्या ओळीवर थांबते. शीथ, बारा फ्रेंच, एक.

"हे फोडलेलं नाही," ती म्हणते. खिशातून सीलबंद पाकीट काढून काचेखालून सरकवते.

"स्टोअरमधून अक्कांच्या नावावर निघालंय," क्लार्क म्हणतो.

"निघालं. वापरलं नाही. परत घ्या, पावती द्या."

किंमत दोन हजार शंभर. निम्मे म्हणजे एक हजार पन्नास. नवरा शेजारी उभा आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा हातात. दोन दिवसांचा रोज, आणि वर पन्नास.

आज झालेली सगळी कामं मी बघितली. कठीण सरांचं होतं. पण पार्सलची पावती मागणारा हात, कॅमेरा झुकवणारा हात, शीर दाबणारा हात आणि ही पाकीट परत करणारी बोटं, ही एकाच बाईची. यातलं फक्त कॅमेऱ्याचं आणि शिरेचं काम तिच्या पगाराच्या कागदावर लिहिलेलं आहे. सगळं तिथं लिहायला हवं.

क्लार्क नवं बिल छापतो. ताई त्यावर सही करते, दीडशेची पार्सल-पावती त्याच्याकडे स्वतंत्र देते, आणि नवऱ्याला म्हणते, "काका, आता भरा. उद्या दहानंतर सुट्टी. जतची गाडी स्टँडवरूनच मिळेल."